सैनिकाच्या चरित्रपटाला जाताना पाळावयाची पथ्ये

एखाद्या सैनिकाच्या आयुष्यावर बेतलेला युद्धपट पाहणे हे साधे काम नाही, आणि तरीही चांगली शिकलीसवरलेली माणसे कोणतीही पूर्वतयारी न करता थेट चित्रपटगृहात जाऊन बसतात. असा बेसावध प्रेक्षक नुसता पडद्याकडे पाहत राहतो आणि आजूबाजूचे लोक त्याच्याकडे पाहत राहतात. म्हणून टाळी कोठे वाजवायची, हे आपण घरूनच ठरवून निघावे. ट्रेलरमध्ये तोंडपाठ झालेली ओळ नायकाने उच्चारली की टाळी, आणि ती त्याच्या अर्धा क्षण आधी आपल्याला म्हणता आली तर फारच उत्तम, कारण त्यामुळे आपली देशभक्ती त्याच्यापेक्षा थोडी पुढेच आहे, हे मागच्या रांगेलाही कळते.

हे संवाद शांतपणे ऐकता यावेत यासाठी भूगोल विसरणे आवश्यक आहे. कारगिलच्या युद्धातील पॉइंट ५१४० आणि पॉइंट ४८७५ ही नावे म्हणजे त्या शिखरांची मीटरमध्ये मोजलेली उंची होय, आणि इतक्या उंचीवर पाठीवर दारूगोळा घेऊन चढणाऱ्या माणसाला थोड्या थोड्या पावलांनी श्वासासाठी थांबावे लागते. वरून शत्रू पाहत असल्यामुळे तेथील हल्ले बहुतांशी रात्रीच्या काळोखात, आवाज न करता झाले. या चढाईचे प्रामाणिक चित्रण केले तर पडद्यावर अंधार आणि धापा यांखेरीज फारसे काही उरणार नाही, आणि मध्यंतरात आपणच सर्वांत आधी तक्रार करू की काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. तेव्हा दिग्दर्शकाने शिखर भर उन्हात जिंकून दिले आणि नायकाने शत्रूच्या बंदुकीसमोर उभे राहून दीड मिनिटाचे भाषण केले, तर त्याला नावे ठेवू नयेत. तो बिचारा आपल्याच सोयीसाठी झटत असतो.

संवाद घरी घेऊन जाण्याचीही एक रीत आहे. कॅप्टन विक्रम बात्रा यांनी जून १९९९ मध्ये पॉइंट ५१४० जिंकल्याचा संकेत म्हणून एका शीतपेयाच्या जाहिरातीतील ओळ निवडली होती. जाहिरातीतील ओळ रणांगणावर नेण्यास काय लागते, हे त्यांना ठाऊक होते. ७ जुलै रोजी ते पॉइंट ४८७५ वरील लढाईत धारातीर्थी पडले. आपण उलट दिशेने जावे, म्हणजे रणांगणावरील ओळ उचलून कार्यालयातील सोमवारच्या बैठकीत म्हणावी आणि तिमाही विक्रीचे उद्दिष्ट हेच आपले शिखर आहे, असे सहकाऱ्यांना सांगावे. यात कोणी धारातीर्थी पडत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

राष्ट्रगीताबाबत मात्र थोडी कायदेशीर जाण हवी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये ती सक्ती काढली. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, चित्रपटातील कथेचाच भाग म्हणून राष्ट्रगीत वाजले तर उभे राहणे बंधनकारक नाही, असा खुलासाही केला. हा खुलासा आपण अजिबात लक्षात ठेवू नये. कथेत राष्ट्रगीत लागताच प्रथम डावीकडे पाहावे, मग उजवीकडे पाहावे आणि दोन्हीकडे कोणी उठत आहे असे दिसले की आपण त्यांच्या आधी उठल्यासारखे उठावे. न उठणाऱ्याकडे रागाने पाहण्यासाठी मान मोकळी ठेवावी. त्याच्या पायाला काय झाले असेल, ते कोठे झाले असेल, असल्या शंका मनात आणू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे, म्हणजे नायकाच्या मृत्यूकडे, वळू. येथे आपण रडणे अपेक्षित आहे आणि बहुतेक सर्वजण ते मनापासून करतात. केवळ एक खबरदारी घ्यावी: तो खरोखर मेला होता का, याची चौकशी करू नये. १९७१ मधील लोंगेवालाच्या लढाईवरचा १९९७ सालचा तो गाजलेला चित्रपट आठवा. त्यात सीमा सुरक्षा दलाच्या भैरोसिंग राठोड यांना वीरमरण येते आणि ते पाहून सारा देश हुंदके देऊन रडला. खरे भैरोसिंग त्या वेळी राजस्थानातील आपल्या गावी धडधाकट होते आणि त्यानंतरही पंचवीस वर्षे जगले; १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आपल्या मृत्यूवर इतकी माणसे रडलेली पाहूनही जिवंत राहणे हा थोडासा औचित्यभंगच झाला, परंतु ते सेना पदक मिळवलेले गृहस्थ असल्यामुळे कोणी तसे बोलून दाखवले नाही.

अशी घाई केवळ पटकथालेखकच करतात असे समजू नये. टायगर हिलवर अनेक गोळ्या झेलणाऱ्या, अवघ्या एकोणीस वर्षांच्या योगेंद्रसिंह यादव यांना परमवीर चक्र जाहीर झाले तेव्हा ते मरणोत्तर म्हणूनच जाहीर झाले होते. ते रुग्णालयात उपचार घेत होते आणि धारातीर्थी पडलेला जवान त्यांचा नामसाधर्म्य असलेला सहकारी होता, हे नंतर उमगले. आजवर दिल्या गेलेल्या एकवीस परमवीर चक्रांपैकी चौदा मरणोत्तर आहेत. उरलेल्या सात जणांविषयी आपल्या मनात आदर असतोच, तथापि तिसऱ्या अंकाच्या दृष्टीने पाहता त्यांनी आपल्याला अडचणीत आणले आहे, हे नाकारता येत नाही. सुखरूप परतलेल्या माणसासाठी पार्श्वसंगीत तरी कोणते द्यायचे?

जिवंत सैनिकाची खरी अडचण अशी की तो पुढे जगतच राहतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले आणि त्यानंतर पद्मश्री मिळेपर्यंत २०१८ साल उजाडले. मधली शेहेचाळीस वर्षे पडद्यावर दाखवावीत असा आग्रह कोणीही रसिक धरणार नाही. तीच गोष्ट जंतरमंतरची. समान हुद्द्याला समान निवृत्तिवेतन मागणारे माजी सैनिक २०१५ च्या भर उन्हाळ्यात दिल्लीत तेथे धरणे धरून बसले आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना तेथून हटवण्याचा प्रयत्न केला. छातीवर पदके होती, गणवेशातील पोलीस होते, धक्काबुक्की होती, अगदी तिरंगाही होता. तरी त्या प्रसंगी आपण कोठे टाळी वाजवल्याचे स्मरत नाही, कारण ती कोठे वाजवायची हे आधी कोणी सांगितलेच नव्हते.

चित्रपट संपला की श्रेयनामावलीसोबत खऱ्या सैनिकाची जुनी छायाचित्रे दाखवण्याची पद्धत आहे. नट त्याच्याहून देखणा होता, एवढे सोबतच्या व्यक्तीला सांगण्यापुरते तेथे थांबावे आणि वाहनतळावर गर्दी होण्यापूर्वी निघावे.

नंतर कोणीतरी भेटेल आणि चित्रपट लांबला होता, गाणी नको होती, नायिकेला कामच नव्हते, असे काहीबाही बोलेल. अशा माणसाशी चित्रपटाविषयी मुळीच चर्चा करू नये. त्याला एकच प्रश्न विचारावा: तुम्ही सियाचीनला गेला होता का? तो गेलेला नसतो, त्यामुळे गप्प बसतो. आपणही गेलेलो नसतो. पण प्रश्न आधी विचारण्याचा फायदा हाच असतो. नटाचा अभिनय वाईट झाला असे म्हणणे म्हणजे हुतात्म्याचा अपमान, हे समीकरण एकदा पक्के बसले की पटकथा, संकलन आणि अभिनय या तिन्ही क्षेत्रांतील दुबळ्या माणसांना कायमचे संरक्षण मिळते. सीमेवरील सैनिकाला इतके भक्कम संरक्षण क्वचितच मिळत असेल. क्वचित एखादा निवृत्त सुभेदार शेजारच्या खुर्चीवर निघतो आणि नायकाच्या खांद्यावरील पट्टी चुकीच्या हुद्द्याची आहे, असे पुटपुटतो. त्याला सियाचीनचा प्रश्न चुकूनही विचारू नये.

शेवटचा धोका घरातला आहे. चित्रपटाचा परिणाम मोठ्यांवर साधारणतः वाहनतळापर्यंत टिकतो, मुलांवर मात्र तो आठवडाभर राहू शकतो, आणि एखाद्या संध्याकाळी बारावीतला मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देतो म्हणून सांगतो. मुलगी आहे म्हणून निश्चिंत राहण्याचीही सोय उरलेली नाही, कारण २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळतो. अर्जाचे शुल्क मुलांना अवघे शंभर रुपये आणि मुलींना तेही माफ, म्हणजे मध्यंतरात घेतलेल्या पॉपकॉर्नपेक्षाही कमी असल्यामुळे पैशाचे कारण पुढे करता येत नाही. अशा वेळी आरडाओरडा करू नये, आजीला रडायला बसवू नये, अभियांत्रिकीच्या शिकवणीची भरलेली फी तर मुळीच मोजून दाखवू नये. मुलाच्या भावनेचे मनापासून कौतुक करावे, त्याला जवळ घ्यावे आणि त्याच चित्रपटाचे आणखी एक तिकीट काढून द्यावे.