"नाहीतर गवंडी होशील!"

आज इथे मेलबर्नमध्ये एका घरगुती कार्यक्रमात एक ताई मुलाला म्हणाल्या, "अभ्यास कर, नाहीतर गवंडी होशील." सगळे हसले. माझ्या घशाखाली घास उतरेना.

माझे अण्णा गवंडी. गावच्या शाळेच्या दगडी भिंती त्यांनी उभ्या केल्या. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, हारतुरे झाले. अण्णा कुंपणाबाहेर, हातात थापी तशीच. त्यांचं बोट धरून मी.

ताई, स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या ज्या टाऊन हॉलसमोर आपण फोटो काढतो ना, तो ऑगस्ट १८७० मध्ये उघडला तेव्हा शहराचा महापौर कोण होता? सॅम्युअल एमेस. स्कॉटलंडच्या न्यूबर्गचा, दगडाचं काम शिकलेला गवंडी! १८५२ मध्ये सोन्याच्या लाटेत इथे आला, खाणीवर चार पैसे मिळाले, मग बांधकामाची कंत्राटं घेतली, नगरसेवक झाला, महापौर झाला. हॉल उघडल्याचा जंगी सोहळाही त्याने स्वतःच्या खर्चाने केला. गवंडी त्या दिवशी कुंपणाबाहेर नव्हता, यजमान होता.

सोनं नसतं तर कदाचित तोही पोटापुरतंच कमावत राहिला असता, मान्य. आणि या शहराची जमीन इथल्या मूळ वुरुंडजेरी लोकांकडून हिरावलेली, तेही खरंच.

पण हसता कुणाला? २१ एप्रिल १८५६ ला याच शहरातले गवंडी विद्यापीठाच्या बांधकामावरची हत्यारं खाली ठेवून पार्लमेंटवर चालत गेले. आठच तास काम करू, आणि पगार कापायचा नाही. मिळवलंच त्यांनी! तुम्ही संध्याकाळी लॅपटॉप मिटून मुलांना बागेत नेता, त्यात त्यांचे घट्टे पडलेले हात आहेत. त्यांचं नाव घेऊन पोरांना भीती घालता?

जाऊ दे. ताई वाईट नाहीत. आपण सगळेच हे ऐकत वाढलो. खुद्द अण्णाही मला हेच म्हणायचे, "माझ्यासारखा होऊ नकोस." तेव्हा मी मान डोलवायचो. आज त्याचंच जास्त लागलं.

मागे अण्णा इथे आले होते. टाऊन हॉलच्या दगडावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "सांधा बघ," म्हणाले, "केस शिरायचा नाही." मी त्यांना एमेसची गोष्ट सांगितली. ते गप्प झाले. मग दाराकडे बघत हळूच विचारलं, "आत सोडतील का रे आपल्याला?"