फी कोणी भरली? बुची एमेचेटावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

'नवऱ्याने जाळलेली कादंबरी' या माझ्या लेखावर आपण इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगते. बुची एमेचेटा या नायजेरियात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये राहून लिहिणाऱ्या कादंबरीकार बाईने जन्मभर स्वतःचीच कैफियत कादंबरी म्हणून छापली. नायजेरियन पुरुष तेवढा राक्षस करून दाखवला. घरची भांडणं लंडनच्या चव्हाट्यावर मांडली आणि त्याचं बक्षीस म्हणून 2005 साली तिला ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. शिवाय बियाफ्रा हा पूर्वेकडचा इग्बो लोकांचा भाग नायजेरियातून फुटला तेव्हा जे यादवी युद्ध झालं, त्यावर लंडनमध्ये राहून लिहायचा तिला अधिकारच नव्हता.

एक चूक आधी कबूल करते. माझा निम्मा लेख तिच्या नवऱ्याने जाळलेल्या हस्तलिखितावरच गेला. तो वाचून कुणालाही वाटेल की या बाईचं सगळं मोठेपण सोसण्यात आहे. मी लिहिलं तसं, आपण वाचलंत तसं. पण तिच्या कादंबऱ्यांबद्दलचं आपलं मत मला अजिबात पटत नाही, आणि ते का पटत नाही हे नीट सांगायला हवं.

आपण उभी हयात शाळेत घालवलीत, म्हणून फीपासूनच सुरुवात करते. 'सेकंड-क्लास सिटिझन' (1974) मधली आडा ही नायजेरियातल्या लागोस शहरातली, इग्बो जमातीची छोटी मुलगी. घरात शाळेचा मान भावाचा. ही एके दिवशी कुणाला न सांगता स्वतःच शाळेत जाऊन बसते. पुढे हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेची फी असते दोन शिलिंग. वडील वारलेले, ती नातेवाइकांच्या घरी मोलकरणीसारखी राबते आहे. मांस आणायला दिलेले दोन शिलिंग ती परीक्षेला भरते आणि पैसे हरवले म्हणून सांगते. त्यापायी शंभरावर छड्या खाते, पण परीक्षेला बसते आणि शिष्यवृत्ती मिळवते. हे रडगाणं वाटतं का, सर? मला तर त्या पानावर एक कमालीची हट्टी पोर दिसते. मार खातानाही तिचा हिशेब पक्का आहे.

लग्नातही पैशाचाच प्रश्न. आडाच्या घरच्यांनी वधूमूल्य म्हणून, म्हणजे मुलीसाठी नवऱ्याकडच्यांनी द्यायची रक्कम म्हणून, 500 पौंड मागितले, ते तिचा होणारा नवरा फ्रान्सिस याच्या घरच्यांना परवडले नाहीत, म्हणून तिच्याकडचं कुणी लग्नाला आलंच नाही. मग हीच नोकरी करते, नवऱ्याला शिकायला लंडनला पाठवते, मागून मुलांना घेऊन स्वतःच्या कमाईवर जाते. तिथेही तीच कमावते. तो परीक्षा देत राहतो आणि नापास होत राहतो.

हे बरंचसं तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं आहे, ते ती लपवत नाही. 1944 चा जन्म, वडील रेल्वेत कामाला, सोळाव्या वर्षी लग्न, 1962 साली लंडन, आणि बाविसाव्या वर्षी पाचवं मूल पोटात असताना नवऱ्याचं घर सोडलं. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरी, लंडन विद्यापीठाची समाजशास्त्राची पदवी आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात लेखन. 'सेकंड-क्लास सिटिझन' तिने आपल्या पाच मुलांना अर्पण केली आहे. त्यांच्या गोड गलक्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं, अशा अर्थाची ती अर्पणपत्रिका आहे. मुलांमुळे लिहिता आलं नाही, असं ती कुठेच म्हणत नाही.

आता राक्षस पुरुषांबद्दल. जे हस्तलिखित जळलं ते 'द ब्राइड प्राइस'चं. तिने ती कादंबरी पुन्हा लिहिली आणि 1976 मध्ये छापली. तिचा नायक चिके हा शाळामास्तर आहे, गुलामांच्या वंशातला म्हणून गावाने खालचा ठरवलेला. अकु-न्ना या मुलीवर त्याचं मनापासून प्रेम आहे. त्याचे वडील वधूमूल्य द्यायला तयार आहेत, मुलीचा सावत्र बाप ते घ्यायला तयार नाही. वधूमूल्य चुकतं झालं नाही तर मुलगी पहिल्या बाळंतपणात मरते, अशी समजूत, आणि अकु-न्ना तशीच मरते. ज्या गोष्टीचे कागद नवऱ्याने चुलीत घातले, तीच गोष्ट पुन्हा लिहिताना ही बाई एका पुरुषाला इतकं हळवं आणि सभ्य रंगवते. सूड घ्यायचा असता तर याहून चांगली संधी कुठली होती?

आणि न्नाइफे! 'द जॉइज ऑफ मदरहुड' (1979) मधला हा नवरा लागोसमध्ये गोऱ्या साहेबाच्या घरी कपडे धुतो, मडमेचे आतले कपडेसुद्धा. गावाकडून आलेल्या त्याच्या बायकोला, न्नू एगोला, त्याची किळस येते. तेव्हा शेजारची स्वयंपाक्याची बायको तिला समजावते की इथले पुरुष गोऱ्यांची चाकरी करता करता पुरुष राहिलेच नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याला रस्त्यातून उचलून सैन्यात भरती करतात. हे कादंबरीपुरतं नाही. पश्चिम आफ्रिकी सैनिकांची 81 वी डिव्हिजन ही फौज ब्रिटिशांनी 1943 साली बोटींनी आपल्याच देशात, भारतात, आणली होती आणि तिथून पुढे ब्रह्मदेशातल्या आराकानच्या जंगलात लढायला धाडली होती. न्नाइफे दुबळा आहे, कधी क्रूरही आहे, पण त्याला तसं कुणी केलं हे एमेचेटा वाचकाला विसरू देत नाही.

याच कादंबरीतलं कोर्टाचं प्रकरण आपण वाचावंच, अशी माझी विनंती आहे. मुलगी योरुबा या दुसऱ्या जमातीच्या मुलाबरोबर पळून गेल्याच्या रागात न्नाइफे कोयता घेऊन धावतो आणि खटला उभा राहतो. वकील न्नू एगोला विचारतो, मुलांची फी कोण भरतं? ती म्हणते, नवरा. पण पैसे तर तीच कमावते, लाकूडफाटा विकून. मग ती सरळपणे समजावते: तो कुटुंबाचा प्रमुख, देवाने आपल्याला बाळगलं तसं त्याने मला बाळगलेलं, तेव्हा मी फी भरली म्हणजे त्यानेच भरली. नवऱ्याला वाचवायला दिलेली ही साक्ष त्याच्याच अंगावर उलटते. इथे दोघांपैकी कुणीच राक्षस नाही. इंग्रजी कायद्याला तिचं घर कळत नाही आणि तिला तो कायदा कळत नाही. आत्मकथा लिहिणाऱ्याला हे सुचलं नसतं, कारण न्नू एगो म्हणजे बुची नव्हे. ती बुचीच्या आधीच्या पिढीची आहे.

गोऱ्यांना खूश करण्याबद्दल एवढंच म्हणेन की 1972 च्या 'इन द डिच'मध्ये लंडनच्या सरकारी चाळीतला ओल आलेला जिना आणि भत्त्यावर जगणाऱ्या गोऱ्या बायका आहेत. काळ्या भाडेकरूंना दारातूनच परत पाठवणाऱ्या पाट्या 'सेकंड-क्लास सिटिझन'मध्ये आहेत. ओबीई 'इन द डिच'नंतर 33 वर्षांनी मिळाला. एवढ्या उशिरा मिळणाऱ्या किताबासाठी कुणी असं लिहीत नाही.

बियाफ्राबद्दल आपलं थोडं बरोबर आहे. 'डेस्टिनेशन बियाफ्रा' (1982) मधली पात्रं मलाही कधी कधी भाषण केल्यासारखी बोलताना वाटतात. पण अधिकार? तिच्या घराण्याचं गाव इबुझा, नायजर नदीच्या पश्चिमेला, असाबाच्या जवळ. ऑक्टोबर 1967 मध्ये असाबात सरकारी सैन्याने शेकडो पुरुष आणि मुलगे गोळ्या घालून मारले. पश्चिम काठावरचे हे इग्बो बियाफ्राच्या हद्दीबाहेरचे, त्यामुळे दोन्हीकडून भरडले गेले, आणि युद्धाच्या कहाण्यांत त्यांना फारशी जागाही मिळाली नाही. ती तेव्हा लंडनमध्ये होती हे खरं, पण मेलेली माणसं तिची होती.

आपल्या पत्रामुळे एक बदल केला आहे. जुन्या लेखाचं शीर्षक काढून 'बुची एमेचेटाच्या कादंबऱ्या' एवढंच ठेवलं आहे आणि जळालेल्या कागदांचा मजकूर कमी करून कोर्टाचं प्रकरण तिथे घातलं आहे. वेळ मिळाला की पुन्हा वाचा, आणि तरीही पटलं नाही तर जरूर लिहा.