मुरमांचे सगळे डाग एकाच जातीचे नसतात

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे लग्नसराई सुरू झाली की खान्देशातल्या अमळनेर, चोपडा, पारोळा या भागात एक जुना संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. यंदा तो मला चार निरनिराळ्या घरांतून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा आहे: मुरमांचे डाग म्हणजे रक्तातली उष्णता असून ते सगळे एकाच जातीचे असतात, लिंबाचा रस आणि खायचा सोडा २१ रात्री लावल्यास कितीही जुने खड्डे भरून येतात, घाई असेल तर मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणावी, पिकलेली पुळी सुईने फोडली तर डाग पडत नाही, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे लेझरखेरीज काही नसते व त्याने आपली सावळी कातडी जळते. मी गेली १९ वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्या मावश्या आणि आत्यांच्या काळजीविषयी माझ्या मनात शंका नाही. पण या सल्ल्याने बिघडलेले चेहरे घेऊन मुले-मुली माझ्याच दुकानात येतात, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सगळे डाग एकच, हा मुद्दा मी सर्वांत गंभीर मानतो, कारण पुढच्या चुका त्यातूनच निघतात. आपण ‘डाग’ या एका शब्दात निदान दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो: रंगाचा बदल आणि आकाराचा बदल. त्या ओळखण्यासाठी सकाळी खिडकीपाशी, उजेड गालावर बाजूने पडेल असे बसावे आणि हातात लहान आरसा घ्यावा. समोरच्या ट्यूबलाइटमध्ये खड्डे बुजल्यासारखे दिसतात, बाजूच्या उजेडात मात्र त्यांची सावली पडते. मग स्वच्छ बोट अलगद फिरवून पाहावे. डाग दिसतो पण बोटाला काहीच लागत नाही, तर तो रंगाचा डाग होय. तपकिरी असेल तर मुरमाच्या दाहानंतर तिथे जास्तीचे रंगद्रव्य साठलेले असते. लालसर असेल आणि पारदर्शक काचेने दाबल्यावर लाली क्षणभर फिकी होत असेल, तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अजून फुगलेल्या असतात. हे दोन्ही डाग बहुधा काही महिन्यांत, कधी वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा, आपोआप फिके होत जातात. ‘अमुक लावले आणि डाग गेले’ असे सांगणाऱ्या बहुतेकांचे हेच डाग गेलेले असतात आणि श्रेय लिंबाला मिळते.

बोटाला खळगा लागला, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे त्वचेच्या आतल्या थरातले कोलॅजेन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, नष्ट झालेले असते. २००१ साली मांडली गेलेली आणि आजही सर्वत्र वापरली जाणारी वर्गवारी या खड्ड्यांचे तीन प्रकार करते. पहिला प्रकार टाचणीने टोचल्यासारखा: तोंड २ मिलिमीटरपेक्षा अरुंद, पण खोली बरीच. दुसरा पेटीसारखा, साधारण दीड ते ४ मिलिमीटर रुंद, ज्याच्या कडा उभ्या आणि स्पष्ट असतात. तो कांजिण्यांच्या व्रणासारखा दिसतो. तिसरा लाटेसारखा, ४ ते ५ मिलिमीटर किंवा अधिक रुंद, ज्याला नेमकी कड नसते. त्वचेखालचे तंतू तिला आत ओढून धरतात, म्हणून गाल चढउताराचा दिसतो. दोन बोटांनी गाल ताणून पाहावा: लाटेसारखा खड्डा ताणल्यावर जवळजवळ नाहीसा होतो, टाचणीसारखा तसाच राहतो. एकाच गालावर तिन्ही प्रकार असणे ही नेहमीची बाब आहे. याउलट काहींच्या जबड्यावर, छातीवर, खांद्यांवर व्रण वर उचललेला, कडक आणि खाजरा असतो. तो मूळ पुळीची हद्द ओलांडून पसरला तर त्याला केलॉइड म्हणतात. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींवर एकच लेप चालेल, असे मानायला काहीही आधार नाही.

आता लिंबू आणि सोडा. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास (पीएच हे आम्लतेचे माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्क). लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या जवळ, तर खायच्या सोड्याचा ८ च्या वर. दोन्ही एकत्र केले की फेस येतो, त्यांची एकमेकांशीच क्रिया होते, आणि त्वचेच्या आत खोलवर कोलॅजेन तयार करण्याशी त्याचा काही संबंध नसतो. धोका मात्र खरा आहे. कागदी लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्ये असतात, जी त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे चट्टे, कधी फोड येतात आणि मागे काळपट डाग राहतात. गेल्या वैशाखात एक मुलगी काउंटरशी आली, तिच्या गालावरून हनुवटीपर्यंत ओघळाच्या आकाराचा तपकिरी पट्टा होता, जणू कुणी चहा सांडला आहे. रात्री लावलेला रस सकाळी नीट न धुता ती स्कुटीवरून जळगावला गेली होती. जिथे पूर्वी चार फिके डाग होते, तिथे आता तो पट्टा होता. आणि ज्या खड्ड्यांसाठी हे सारे केले, ते तसेच होते. आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. इथे लिंबाचा प्रयोग करणे म्हणजे डाग मुद्दाम पक्का करणे आहे.

गोरेपणाच्या ट्यूबविषयी मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण ती मागणी माझ्याकडेच येते. ‘भाऊ, हाई ट्यूब शे का?’ असे म्हणत मोबाइलवरचा फोटो पुढे केला जातो. त्यातल्या बहुतेक ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध, असते, काहींत त्याच्या जोडीला रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन आणि त्वचेचा वरचा थर झपाट्याने बदलणारे ट्रेटिनॉइन. सुरुवातीच्या पंधरवड्यात चेहरा खरोखर उजळ आणि गुळगुळीत दिसतो. म्हणूनच ही ट्यूब एका घरातून दुसऱ्या घरात जाते. नंतर त्वचा पातळ होते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर केस वाढतात, मुरमे नव्याने आणि जास्त येतात; ट्यूब थांबवली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेला लावण्याची १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. नियम आहे, तरी अनेक दुकानांतून ती सहज मिळतात. आमच्या धंद्याने याची जबाबदारी घ्यायला हवी, असे मी स्पष्ट लिहितो. अशा ट्यूबने खड्डा तर भरून येत नाहीच, उलट त्वचा आणखी पातळ होऊन तो अधिक उठून दिसू शकतो. महिनोन्‌महिने लावत असलेल्यांनी ती एकाएकी टाकून देऊ नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी.

सुईच्या सल्ल्याला दोन वाक्ये पुरेत. घरी पुळी दाबल्याने आतला पू खालच्या थरात फुटतो, दाह वाढतो आणि खड्ड्याची शक्यताही वाढते. डाग टाळण्याचा खरा मार्ग म्हणजे चालू मुरमांवर लवकर उपचार करणे: बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापेलीन ही लावायची औषधे, आणि तीव्र मुरमांत डॉक्टरांच्या चिठ्ठीने आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. या गोळ्या गरोदरपणात घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. म्हणून नुकतेच लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलीने डॉक्टरांना ते आधी सांगावे, आणि मैत्रिणीच्या चिठ्ठीवर त्या कधीच घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे लेझरच असते, हा आरोप चुकीचा आहे. टाचणीसारख्या खड्ड्यांत ७० ते १०० टक्के तीव्रतेचे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल टोकदार काडीने फक्त तळाशी टेकवतात. हे काम डॉक्टरांनीच करावे, घरी हात लावू नये. खोल पेटीसारखा खड्डा कधी छोट्या गोल पात्याने कापून टाका घालतात. लाटेसारख्या खड्ड्यांसाठी सुईने त्वचेखालचे ओढणारे तंतू तोडतात. १९९५ पासून ही पद्धत रूढ आहे, काही दिवस गाल काळानिळा राहतो. बारीक सुयांनी त्वचेत छिद्रे पाडून कोलॅजेन वाढवण्याची पद्धत साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावी लागते. उचललेल्या व्रणात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने डॉक्टर देतात, वरून सिलिकॉनची पट्टी लावतात. केलॉइड नुसता कापला तर बहुधा परत येतो.

लेझरविषयीच्या भीतीत मात्र तथ्याचा अंश आहे आणि तो मी नाकारत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर लेझरनंतर तपकिरी डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. म्हणून जाणकार डॉक्टर कमी तीव्रतेने, जास्त अंतराने, त्वचेचे मधले भाग अबाधित सोडणारा लेझर वापरतात आणि उन्हाळा टाळतात. खान्देशात चैत्र-वैशाखात घाईने लेझर करून दुसऱ्या दिवशी शेतावर किंवा बाजारात जाणे हे त्या उपचाराचेच नुकसान आहे. कोणताही प्रामाणिक डॉक्टर ‘चेहरा पूर्वीसारखा कोरा करतो’ असे सांगत नाही. खड्डे उथळ होतात, आणि नवे कोलॅजेन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. लग्न पंधरा दिवसांवर आले असताना हे उपचार सुरू करू नयेत.

रंगाच्या डागांसाठी आजपासून करण्याजोगी गोष्ट एकच आहे: किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतके, आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा. वरून सुती ओढणी असावी, पण केवळ ओढणीवर विसंबू नये. खड्डे बोटाला लागत असतील तर धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतल्या त्वचारोग विभागात दाखवता येते. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत घालून सोबत न्यावी. डॉक्टरांना नावे सांगण्यापेक्षा ती समोर ठेवणे सोपे जाते.