सोन्यासारखी एकुलती एक किल्ली

तुमच्या मोटारसायकलची एकच किल्ली शिल्लक उरली असेल, तर आधी अभिनंदन स्वीकारा. दोन किल्ल्या बाळगणाऱ्या माणसाचं आयुष्य फार बेचव असतं. एक हरवली की तो घरी जातो, खणातली दुसरी काढतो आणि कामाला लागतो. एकुलत्या एका किल्लीचा मालक मात्र दर दहा मिनिटांनी खिसा चाचपतो आणि जिना उतरता उतरता थबकतो. जिवाचे कान करून तो खुळखुळाट ऐकत असतो. एवढं भान यायला लोक वर्षानुवर्षं ध्यानाला बसतात, तुम्हाला ते फुकट मिळालंय.

तेव्हा दुसरी करून घ्यायचा विचार डोकावलाच, तर त्याला प्रेमाने परत पाठवा. पहिली आहे ना, चालतेय ना? मग झालं तर. होंडाने आपल्या इमोबिलायझरवाल्या, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणाऱ्या, गाड्यांच्या माहितीपुस्तकात लिहून ठेवलंय की हातात एकच किल्ली उरली तर ताबडतोब दुसरी करून घ्या, कारण सगळ्या हरवल्या तर इंजिनाचं कंट्रोल युनिटच बदलावं लागेल. पण ते पुस्तक वाचायचं कोणी? ते सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत असतं. सीट उघडायला किल्ली लागते. ती हरवली की पुस्तकही गेलं, म्हणजे निदान वाचल्याचा पश्चात्ताप तरी होत नाही.

अगदीच राहवेना, तर पहिल्या भेटेल त्या चावीवाल्याकडे जा. किल्लीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात काय दडलंय, याबद्दल चकार शब्द काढू नका. तो मशीनवर पातं घासून देईल आणि तुम्ही चकचकीत डुप्लिकेट घेऊन विजयी मुद्रेने गाडीपाशी याल. ती कुलपात लोण्यासारखी शिरेल. हँडल लॉक सुटेल, टाकीचं झाकण उघडेल, मीटरवरचे दिवेही लागतील. आता स्टार्टर दाबा. काही गाड्या स्टार्टर फिरवूच देत नाहीत. काही मोठ्या मनाच्या असतात, त्या हवा तेवढा वेळ घर्रर्र करतात आणि पेट मात्र घेत नाहीत. मीटरच्या कोपऱ्यात एक बारीकसा दिवा लुकलुकत असेल, कधी त्यावर किल्लीचं चित्रसुद्धा असतं. तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही. प्लग बदला. मग बॅटरी बदला. मग टाकीतलं पेट्रोल भेसळीचं आहे असं चारचौघांत जाहीर करा. माझ्या एका मित्राने या टप्प्यावर कार्बोरेटर साफ करायला सांगितलं होतं. गाडी इंजेक्शनची होती, तिला कार्बोरेटरच नव्हता, पण सल्ला मनापासूनचा होता.

खरं कारण एवढं क्षुल्लक आहे की सांगायलाही संकोच वाटतो. किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला सेल नाही, चार्जिंग नाही. कुलपाच्या तोंडाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली फिरवली की ते साधारण 125 किलोहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र तयार करतं, त्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला आकडा सांगते. आकडा ओळखीचा निघाला तर कंट्रोल युनिट इंधनाला आणि ठिणगीला परवानगी देतं, नाहीतर नाही. पात्याचे दात फक्त कुलपाची समजूत घालतात, इंजिनाला परवलीचा शब्दच लागतो. सगळं पापणी लवायच्या आत होतं, म्हणून आपल्याला वाटतं की गाडी किल्लीने सुरू होते.

आता यातली खरी गंमत. नव्या किल्लीला गाडीच्या ओळखीत आणायचं, तर बहुतेक ठिकाणी जुन्या, आधीच ओळखीच्या किल्लीने जामीन राहावं लागतं. म्हणजे दुसरी किल्ली करायची योग्य वेळ कोणती? पहिली हातात असताना. आणि दुसऱ्या किल्लीची गरज कधी वाटते? पहिली हरवल्यावर. ज्याने ही व्यवस्था लावली त्याला मनुष्यस्वभाव अगदी आतून कळलेला असणार.

यामाहाच्या बऱ्याच गाड्यांबरोबर तीन किल्ल्या येतात, दोन काळ्या आणि एक लाल. काळ्या रोज चालवायला. लाल फक्त नव्या किल्ल्यांची नोंद करायला, एरवी ती जपून ठेवायची असते. इथे तुम्ही रसिकता दाखवा. लाल रंग गाडीला शोभून दिसतो, म्हणून रोज तीच वापरा आणि काळ्या ‘जपून’ ठेवा. लाल हरवली तरी काळीवर गाडी चालत राहते आणि काही बिघडलंय असं वाटतच नाही. बिघडलेलं असतं ते एवढंच, की आता नवी किल्ली नोंदवायची सोय संपलेली असते. शेवटची काळीही गेली, की कुलूप आणि इंजिनाचा मेंदू असा सगळा संचच बदलायचा. तोवर दोन-चार वर्षं मजेत जातात, ती का सोडा?

जुनी गाडी विकत घेत असाल तर लाल किल्लीचा विषय चुकूनही काढू नका. माणूस भला असतो, कशाला अडचणीत टाकायचं? मी एकदा विचारलं होतं. ‘कुठली लाल?’ असं तो इतक्या निरागसपणे म्हणाला, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याने एक काळी किल्ली हातावर ठेवली आणि दुसरी ‘सापडली की देतो’ म्हणाला. शोध अजून चालू असावा.

जुन्या डुकाटी गाड्यांबरोबर किल्ल्यांखेरीज एक कोड कार्डही मिळायचं. त्यावरचा पाच आकडी कोड, प्रसंग आलाच तर, थ्रॉटल पिळून आणि मीटरवरचे दिवे मोजून गाडीला भरवता येतो. ते कार्ड ठेवायची उत्तम जागा म्हणजे गाडीचीच डिकी. नव्या गाडीच्या किल्ल्यांना तारेने अडकवलेली एक छोटी धातूची पट्टीही असते, तिच्यावर किल्लीचा नंबर कोरलेला असतो. किल्लीच नसली तरी त्या नंबरावरून पात्याचे दात कापून मिळू शकतात. पट्टी खिशाला टोचते, तेव्हा ती पहिल्याच दिवशी फेकून द्या. नंबराचा फोटो वगैरे काढून ठेवणारी माणसं संशयी असतात.

आता उपायांकडे वळू, कारण उपाय सांगणाऱ्यांची कधीच वाण नसते. काहींना चिपची नक्कल हवी असते. जुन्या, ठरावीक आकडा सांगणाऱ्या चिपची नक्कल सोपी. नंतरच्या चिपा सांकेतिक सवाल-जवाब करतात, तिथे काम अवघड होतं, पण अशक्य नाही. 40 बिटांच्या गुप्त संकेताची एक फार वापरात असलेली चिप 2005 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फोडून दाखवली. आणखी एका प्रकाराबद्दलचा शोधनिबंध 2013 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने थोपवला आणि तो 2015 मध्ये अखेर छापून आला. एवढं वाचून तुम्हाला घरीच प्रयोग करावासा वाटला तर जरूर करा. सुरुवात त्या एकुलत्या एका किल्लीचं डोकं पक्कडीने फोडण्यापासून करा. चिप काचेची असते, आवाज छान येतो.

दुसरा उपाय याहून थोर. नोंद झालेल्या किल्लीतली चिप काढायची आणि कुलपाशेजारी त्या वेटोळ्याजवळ कायमची चिकटवून टाकायची. मग कुठलीही साधी डुप्लिकेट चालते. तुमची चालते आणि चोराचीही चालते, भेदभाव नाही. पहारेकऱ्याला दारातच खुर्चीला बांधायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘या’ म्हणायला लावायचं, असा हा प्रकार. तसंही चोर हा फार व्यवहारी प्राणी आहे. त्याला तुमच्या परवलीच्या शब्दाशी काही देणंघेणं नसतं. दोघंतिघं येतात, गाडी उचलून टेम्पोत घालतात आणि जातात. इंजिन तेव्हा बंदच असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं, इमोबिलायझर बहुतेक वेळा अडवतो तो गाडीच्या कायदेशीर मालकालाच, तेही भर पावसात.

एवढं सगळं सांगूनही तुम्ही ऐकणार नाही आणि सरळमार्गाने जालच, अशी मला शंका आहे. जा. कंपनीच्या शोरूममधून कोरी चिपवाली किल्ली मागवा, कागदपत्रं दाखवा, गाडी घेऊन या म्हटलं की गाडी न्या. घरात आणखी एखादी नोंदवलेली किल्ली असेल तर ती मात्र घरीच ठेवा. होंडाच्या पद्धतीत नोंदणीच्या वेळी हजर नसलेल्या किल्ल्यांची जुनी नोंद पुसली जाते. दोनाच्या तीन करायला जाऊन दोनच घेऊन परत येण्यात जी मजा आहे, ती ज्याची त्यानेच अनुभवावी.

शेवटी एकदाची दुसरी किल्ली हातात येईल. गाडी तिच्यावर सुरू होईल आणि डोळ्यांत पाणी येईल. मग घरी येऊन दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवा, म्हणजे एक सापडली की दुसरीही सापडेल आणि दोघींना सोबतही होईल. सकाळी घाईच्या वेळी एक कुलपात घाला. दुसरी शेजारीच लोंबत असेल, तिचीही चिप त्याच वेटोळ्यापाशी जागी होईल, दोघी एकदमच बोलू लागतील आणि गाडीला कोणाचंच नीट ऐकू येणार नाही. कोपऱ्यातला तो बारीक दिवा लुकलुकायला लागला की प्लग बदला.