शितावरून भाताची परीक्षा होते, पण सगळी शितं चिवडून नव्हे

सध्या एक मागणी जोरात फिरते आहे: सरकारी पैशावर चालणाऱ्या बालवाड्यांतल्या प्रत्येक मुलाची वर्षातून दोनदा एकच परीक्षा घ्या; गुण वाढले तर ठीक, नाहीतर पैसा बंद. हिशेब मागण्यात गैर काही नाही. पण हिशेबाची ही रीतच चुकीची आहे. तिच्या बाजूने केले जाणारे दावे एकेक करून पाहू.

‘प्रत्येक मूल तपासल्याशिवाय कार्यक्रम कळत नाही.’ कळतो. त्यासाठी नमुन्यादाखल निवडलेली मुलं पुरतात. (कान आणि डोळे मात्र प्रत्येकाचे तपासावेत, ती गोष्ट वेगळी.) अमेरिकेने हा हट्ट करून पाहिलाय. गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीच्या ‘हेड स्टार्ट’ या तिथल्या सरकारी कार्यक्रमातल्या चार लाखांहून जास्त मुलांची २००३ पासून वर्षातून दोनदा एकच चाचणी होई. २००५मध्ये सरकारच्याच लेखातपासनीस संस्थेने सांगितलं, की ही चाचणी विश्वासार्ह असल्याचं सिद्ध झालेलं नाही. २००७मध्ये ती गुंडाळली गेली.

‘गुण म्हणजे मुलाची कुवत.’ अनोळखी माणसाने चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारलं की चार वर्षांचं पोर गप्प बसतं आणि घरी जाऊन त्याच चित्राची गोष्ट रंगवून सांगतं. शिवाय एकाच वर्गात एक मूल ४८ महिन्यांचं, दुसरं ५९ महिन्यांचं. धाकट्याच्या आयुष्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एवढं हे अंतर! घरची भाषा वेगळी असेल तर आपण तपासतो भाषा आणि शेरा मारतो ‘संकल्पना कच्च्या’.

‘परीक्षेऐवजी बालवाडीच्या ताईंनी मुलांना पाहून केलेल्या नोंदी म्हणजे मनाचा कारभार.’ यात तथ्य आहे. दोन ताई एकाच मुलाला वेगळं जोखतात, आणि नोंदीवर पैसा अवलंबून असला की हात सैल सुटतो. म्हणून नोंदीला पैसा जोडू नये, आणि अधूनमधून दुसरीने पडताळणी करावी. ‘हुशार आहे’ ही नोंदच नव्हे. ‘सात ठोकळे मोजताना पाचावर अडखळली, पुन्हा पहिल्यापासून मोजले’ ही नोंद. उद्या काय घ्यायचं ते तिच्यातून कळतं. ‘शंभरपैकी ६२’मधून नाही.

‘गुण वाढले म्हणजे कार्यक्रम यशस्वी.’ सहा महिन्यांत या वयाचं कुठलंही मूल पुढे जातंच. बालवाडीत न गेलेल्या तशाच मुलांशी तुलना नसेल तर श्रेय कुणाला द्यायचं? उलटही घडतं. १९६२मध्ये मिशिगनमध्ये सुरू झालेल्या पेरी प्रीस्कूल प्रयोगात १२३ मुलं होती; काही बालवाडीत गेली, काही नाही. बालवाडीत गेलेल्यांची बुद्ध्यंकातली आघाडी आठव्या वर्षापर्यंत जवळपास पुसली गेली. चाळिशीत मात्र त्यांची कमाई जास्त होती आणि अटका कमी. आठव्या वर्षीच्या आकड्यांवर निकाल दिला असता, तर हाच कार्यक्रम ‘पैसा वाया’च्या यादीत गेला असता.