कात्री अशुभ नाही, आणि मुठीतले यंत्र म्हणजे मशीन नव्हे

'शिवणकामाची आवड असलेल्या व्यक्तीला भेट देताना पाळायचे सात नियम' या मथळ्याचा एक संदेश सध्या कोल्हापुरातल्या महिला मंडळांच्या, भिशीच्या आणि नात्यागोत्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरतो आहे. खाली लिहिणाऱ्याचे नाव नाही, कशाचा आधार नाही. 'जाणकार सांगतात' हे शब्द मात्र जागोजागी आहेत. एरवी मी तिकडे दुर्लक्ष केले असते. परंतु माझ्या थोरल्या जाऊबाईंना वाढदिवसाला चांगली कात्री घ्यायचे ठरवून बसलेल्या पुतण्याने हा संदेश वाचून तो बेत रद्द केला आणि कागद टाचायच्या स्टेपलरएवढे, बॅटरीवर चालणारे एक यंत्र घरी आणले, तेव्हा गप्प बसणे जमेना.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: धारदार वस्तू देऊ नये, नाते तुटते, त्याऐवजी हातात मावणारे शिलाई यंत्र द्यावे, ते मोठ्या मशीनचे सगळे काम करते, दोरा फक्त सुती द्यावा, पॉलिएस्टरचा दोरा कापड कापतो, शंभर रंगांच्या रिळांचा डबा ही सर्वांत उत्तम भेट, तयार कपडा कधीही देऊ नये, तो शिवणाऱ्याचा अपमान असतो, कापड सरसकट अडीच मीटर द्यावे, आणि सुया कोणत्याही घेतल्या तरी चालतात.

सुरुवात दुसऱ्या नियमापासून करते, कारण बाकीचे नियम पाळून फार तर पैसे वाया जातील, पण या नियमामुळे शिवलेला कपडा अंगावर असताना उसवू शकतो. आपली पायमशीन किंवा मोटरची घरगुती मशीन दोन दोऱ्यांवर शिवते. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबीनमधून, म्हणजे सुईखाली बसणाऱ्या छोट्या रिळातून, आणि दोन्ही कापडाच्या थरांमध्ये एकमेकांत अडकतात. मुठीत धरायच्या या यंत्रांपैकी बहुतेकांना बॉबीनच नसते. त्यांत एकच दोरा असतो. सुई त्याचा फास खाली सोडते, पुढचा फास त्या फासातून जातो आणि अशी साखळी तयार होते. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या आयएसओ ४९१५ या मानकात टाक्यांचे सहा वर्ग केलेले आहेत. त्यात एका दोऱ्याचा साखळी टाका १०० च्या वर्गात १०१ या क्रमांकाने येतो आणि घरगुती मशीनचा दुहेरी दोऱ्याचा टाका ३०० च्या वर्गात ३०१ या क्रमांकाने येतो. म्हणजे ज्यांना संदेश 'एकच काम करणारी लहान आणि मोठी मशीन' म्हणतो, त्यांचे टाके मुळात वेगवेगळ्या वर्गांतले आहेत. १०१ चा टाका कसा वागतो हे पाहायला कुठे लांब जायला नको. तांदळाच्या किंवा साखरेच्या पोत्याचे तोंड बरोबर बाजूचे टोक ओढल्यावर सर्रकन उघडते, ते अनेकदा याच टाक्याने शिवलेले असते. पोते सहज उघडता यावे म्हणून तिथे तो मुद्दाम वापरतात. ब्लाउजच्या मुंढ्याला किंवा बाजूच्या शिलाईला तो वापरणे म्हणजे ती शिलाई उघडण्यासाठीच मारणे होय.

जाऊबाईंनी उत्साहाने त्या यंत्रावर एका बाहीची पट्टी शिवून पाहिली. शेवटचा फास हाताने बांधून घ्यायचा असतो हे यंत्राच्या कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते, त्यामुळे टोकाचा दोरा बांगडीत अडकताच पूर्ण पट्टी सुटली. या यंत्राला शिलाईचे टोक पक्के करणारी उलट टीप मारता येत नाही, टाक्याची लांबी बदलता येत नाही, आणि नाडी घालायच्या नेफ्यासारखे चार थर एकत्र आले की ते अडकते. खेदाची गोष्ट अशी की हे ज्ञान नवे नाही. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये पेटंट घेतलेले यंत्र एका दोऱ्याची साखळीच शिवत होते आणि एलियास हाऊ याने अमेरिकेत दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट १८४६ मध्ये घेतले. म्हणजे हा फरक सुमारे पावणेदोनशे वर्षे शिवणाऱ्यांना ठाऊक आहे, तो फक्त संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. कुणी म्हणेल, साखळी टाका जीन्सलाही असतो. असतो, पण तो दोन दोऱ्यांचा, ४०१ क्रमांकाचा असतो. प्रवासात सुटलेली पडद्याची दुमड तात्पुरती धरून ठेवायला हे यंत्र उपयोगी पडते, एवढे मी मान्य करते, त्याहून अधिक नाही. टेबलावर ठेवायची, बॉबीन असलेली छोटी मशीन निराळी. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

आता कात्रीकडे येऊ. धारदार वस्तूने नाते तुटते ही समजूत अनेक घरांत आहे, हे खरे. ज्यांना तिची भीती वाटते ती माणसे घेणाऱ्याकडून एक रुपया मागून घेतात, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते आणि प्रश्न मिटतो. परंतु ही आपली प्राचीन परंपरा आहे, असे जे संदेशात ठासून लिहिले आहे, ते ऐकून मला राहवले नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रांबरोबर अवजारांची पूजा करतो. शिंप्याच्या दुकानात त्या दिवशी मशीनला झेंडूची माळ आणि कात्रीला हळदकुंकू असते. संत नामदेव शिंपी समाजातले. गुरु ग्रंथ साहिबात असलेल्या त्यांच्या एका पदात मन हा कापड मोजायचा गज आहे, जीभ ही कात्री आहे आणि त्या कात्रीने ते यमाचा फास कापतात. ज्या परंपरेत कात्री मृत्यूचा फास कापते, त्या परंपरेच्या नावाने ती कात्री मायलेकरांचे नाते कापते असे सांगणे हा निव्वळ आगाऊपणा आहे.

व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर चांगली कात्री ही शिवणाऱ्याला देता येण्याजोगी सर्वांत टिकाऊ भेट आहे. मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्यांची ख्याती अशी आहे की धार गेली तर लावून घेता येते, टाकून द्यावी लागत नाही. घरच्या कामाला आठ ते दहा इंची कात्री पुरते. बारा इंची कात्री कटिंग मास्तरांच्या हाताला शोभते, घरी मनगट दुखवते. घेणारी व्यक्ती डावरी असेल तर खऱ्या डाव्या हाताची कात्री घ्यावी, कारण तिची पातीच उलट बसवलेली असतात. नुसती मूठ बदललेली कात्री घेतल्यास कापायची रेघ पात्याआड जाते. आणि त्या कात्रीने घरात कुणी कागद कापणार नाही, असे वचन भेटीसोबत दिले तर फारच चांगले.

दोऱ्याच्या नियमात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करावे लागते. शिलाईचा दोरा कापडापेक्षा फार मजबूत असू नये, म्हणजे ताण आल्यावर कापड फाटण्याऐवजी दोरा तुटतो आणि पुन्हा शिवता येते, हे तत्त्व योग्य आहे. आपल्याकडे जुन्या साड्यांची वाकळ शिवताना सुती दोरा घेतात, तो याच कारणाने शहाणपणाचा ठरतो. परंतु रोजचे ब्लाउज, कुर्ते आणि शाळेचे गणवेश पॉलिएस्टरच्या दोऱ्यानेच शिवले जातात आणि त्यांचे कापड दोऱ्यामुळे कापले गेल्याचे मी पाहिलेले नाही. ताणल्या जाणाऱ्या कापडाला तर सुती दोरा टिकतच नाही.

शंभर रिळांच्या डब्याबद्दल एवढेच की त्यात नेमका हवा तो रंग नसतो आणि स्वस्त दोऱ्याचा भुसा बॉबीन केसमध्ये साचतो. पांढरी, काळी आणि मोतिया रंगाची चार चांगली रिळे त्याहून बरी. तयार कपडा हा अपमान असतो, या नियमाला मी उत्तरही देत नाही.

कापडाचे मात्र सांगायला हवे. अडीच मीटर हे माप पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. छत्तीस इंची पन्ह्याचे अडीच मीटर आणि अठ्ठावन्न इंची पन्ह्याचे अडीच मीटर यांत एका कुर्त्याचे अंतर पडते. खण तर मुळात चोळीसाठी विणला जाई, त्यामुळे त्याचा पारंपरिक पन्हा अरुंद असतो. आता कुर्त्यांसाठी रुंद पन्ह्याचा खणही मिळतो, म्हणून विचारूनच घ्यावा. शेजारी इचलकरंजीसारखे यंत्रमागाचे शहर असताना कोल्हापूरकरांना पन्हा समजावून सांगावा लागतो, याचे आश्चर्य वाटते. सुती कापड धुतल्यावर आटते, हा हिशेबही संदेशात नाही.

राहिल्या सुया. बऱ्याच घरगुती मशीनच्या सुईची मागची बाजू चपटी असते आणि कारखान्यातल्या वेगवान मशीनच्या सुईचा दांडा गोल असतो. एकीची सुई दुसरीत नीट बसत नाही, बसवलीच तर टाके सुटतात. मलमलीला ९ किंवा ११ नंबर, पॉपलिनला १४, जाड डेनिमला १६ किंवा १८ आणि होजिअरीच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते. त्यामुळे घेण्याआधी मशीनमधली जुनी सुई किंवा तिचे पाकीट दुकानात घेऊन जावे. सुया इतक्या स्वस्त असतात की भेट म्हणून त्या द्यायचे कुणाला सुचत नाही. तरीही ११, १४ आणि १६ नंबरचे एकेक पाकीट मला कुणी दिले, तर एक रुपया न देताही मी ते आनंदाने घेईन.