सात टिचक्या

माझा फोन विचारलं की ठामपणे सांगायचा, 'आपले सॉफ्टवेअर अद्ययावत आहे.' खाली बारीक अक्षरात शेवटच्या सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या डागडुजीची, तारीख असायची. ती तीन वर्षांपूर्वीची होती. कंपनीने कधीच हात वर केले होते, पण फोन ठणठणीत. टाकवेना.

भाचा म्हणाला, "मामा, बूटलोडर अनलॉक कर आणि लिनिएजओएस टाक. अर्ध्या तासाचं काम." बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सिस्टीमला जागं करणारा छोटा प्रोग्रॅम, त्याला कुलूप असतं. लिनिएजओएस म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडच्या जागी बसवायचं दुसरं अँड्रॉइड. लिनिएज म्हणजे वंश. नाव अगदी खरं आहे, कारण डिसेंबर २०१६मध्ये सायनोजेनमॉड नावाचं तसंच जुनं अँड्रॉइड बंद पडल्यावर त्याची गादी यानेच चालवली. घराणं चांगलं वाटलं, म्हणून हो म्हणालो.

सुरुवात तर फारच गोड. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारायच्या. मधेच फोन उलटी मोजणी सुरू करतो आणि सातव्या टिचकीला जाहीर करतो की तुम्ही डेव्हलपर झालात. ना परीक्षा, ना मुलाखत. मी उगाच खुर्चीत जरा ताठ बसलो.

मग कुलूप उघडायची परवानगी देणारं ओईएम अनलॉकिंगचं बटण चालू केलं, फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे संगणकाच्या आज्ञा ऐकणाऱ्या अवस्थेत नेला, केबल जोडली आणि संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञा टंकली. उत्तर आलं, 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस'. डिव्हाइस वीतभर अंतरावर पडलं होतं. ड्रायव्हर बदलला, पोर्ट बदललं, संगणक दोनदा बंद-चालू केला. तीन तासांनी कळलं की केबल फक्त चार्जिंगची होती. डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच.

दुसऱ्या केबलने काम झालं. 'सगळा डेटा पुसला जाईल' अशी तंबी आली, व्हॉल्यूमच्या बटणाने 'हो' निवडायचं होतं. "पुसायचं कशाला पण?" मी कळवळलो. "मामा, चोराने तुझा फोन असाच अनलॉक केला तर त्याला तुझे फोटो मिळायला नकोत ना?" मुद्दा बिनतोड होता. फोटोंचा बॅकअप मी घेतला होता. चॅटचा राहिला होता, हे 'हो' दाबल्यावर आठवलं.

नवं अँड्रॉइड बसलं, याच महिन्याचा पॅच आला, फोन सशासारखा पळू लागला. फक्त दर वेळी चालू करताना काळ्या पडद्यावर इशारा येतो की या फोनच्या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही. व्हेरिफाइड बूट या चालू होतानाच्या तपासणीच्या लेखी फोनला हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात, माझा नारिंगी, म्हणजे कुलूप उघडं. इशारा खोटा नाही. बूटलोडर कुलूपबंद असतो तेव्हा सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरवरची सही तपासून घेतो. आता तो दार उघडं टाकून बसलाय. फोन घटकाभर कुणाच्या हाती लागला, तर त्यात बदललेली सिस्टीम घालून मी टाकणार तो पिन टिपून घेता येईल. तेव्हापासून मी फोन बाथरूममध्येही नेतो.

हे सगळं सोसलं असतं, पण बँकेचं अ‍ॅप उघडलं आणि त्याने 'हे उपकरण सुरक्षित नाही' म्हणत दार लावून घेतलं. प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी असते, तिने माझी चहाडी केली होती. सिनेमाचं चित्रही धुरकट झालं, कारण वाइडवाइन, म्हणजे सिनेमांची चोरी रोखणारी यंत्रणा, एल-वन या वरच्या पातळीवरून एल-थ्री या खालच्या पातळीवर घसरली. डेव्हलपर झालो आणि पत गेली.

"मग पुन्हा लॉक करून टाकू," मी म्हणालो. भाचा किंचाळलाच. "नको! परकी रॉम, म्हणजे कंपनीची नसलेली सिस्टीम असताना लॉक केलंस तर फोन सुरूच होणार नाही. वीट होईल वीट!"

शेवटी बँकेसाठी ड्रॉवरमधून त्याहून जुना फोन काढला. काचेला तडा, शेवटचा पॅच पाच वर्षांपूर्वीचा, पण कुलूप शाबूत. बँकेच्या अ‍ॅपने चकार शब्द न काढता त्याला आत घेतलं.